माउंटन बाइकला कार्बन हँडल बसवायचं असेल तर

कार्बन हँडल घ्यायचं म्हटलं की माझ्याकडे येणारी माणसं दोन टोकांची असतात. काहींना वाटतं कार्बन म्हणजे काच, एक दगड लागला की हातात तुकडे. बाकीच्यांना वाटतं, एवढे पैसे मोजलेत तर आता आयुष्यभर बघायला नको. दोघांनाही मी एकच सांगते. हँडल किती टिकणार हे निम्म्याहून जास्त ते बसवतानाच ठरतं, आणि उरलेलं ठरतं तुम्ही पडल्यानंतर काय करता त्यावर.

मी पुण्यात पाषाणला सायकली दुरुस्त करते. गिऱ्हाईक बहुतेक वेताळ टेकडीवर आणि बोपदेवच्या बाजूला चालवणारं, सुट्टीला सह्याद्रीत कुठेकुठे सायकल घालणारं. आजवर जी कार्बन हँडल मी बाद ठरवली, त्यांतल्या बहुतेकांवर खूण होती ती क्लॅम्पची, म्हणजे हँडल आवळून धरणाऱ्या पकडीची. कुठे स्टेमच्या (हँडल फोर्कला जोडणारा भाग) कडेची, कुठे ब्रेक लिव्हरच्या कड्याची. दगडाची खूण क्वचित. गेल्या पावसाळ्यात एक कॉलेजचा मुलगा हँडल घेऊन आला. फेसप्लेट, म्हणजे स्टेमची पुढची बोल्टवाली झाकणी, काढली तर क्लॅम्पच्या उजव्या कडेला चंद्रकोरीच्या आकाराची पांढरी रेघ, नखाएवढी. बोट फिरवलं तर काही लागत नव्हतं. नख उभं धरून फिरवलं तेव्हा अडकलं. "ताई, कचकच आवाज यायचा म्हणून मी दर वेळी थोडं थोडं आवळत गेलो," म्हणाला. आवाज बोल्ट सैल असल्याचा नव्हताच. आत माती होती.

म्हणून आधी हे समजून घ्या की कार्बन कशाला घाबरतं. कार्बनचे धागे इपॉक्सीत भिजवून, थरावर थर देऊन हँडल घडवतात. कुठल्या थराचे धागे कुठल्या दिशेला ठेवायचे हे कारखान्यात ठरतं, आणि हँडलवर रोज जो जोर पडतो त्याच्या हिशेबाने ठरतं. वाकवण्याचा, ओढण्याचा जोर हे धागे उत्तम सोसतात. बाहेरून एका रेषेत पडलेला दाब मात्र त्यांना मानवत नाही. बांबूची काठी खांद्यावर ओझं घेऊन वर्षानुवर्षं वाकते, पण तारेने करकचून आवळली की चिरते, तसंच हे. ॲल्युमिनियम जास्त जोर पडला तर आधी वाकतं, वाकलेलं डोळ्यांना दिसतं. कार्बन वाकून राहत नाही. ते मूळच्या आकारात परत येतं, आणि आत थर सुटले असतील तरी बाहेरून नवंकोरं दिसू शकतं. सगळी काळजी घ्यायची ती एवढ्यासाठी.

याचा अर्थ ॲल्युमिनियम बिनघोर असं नाही. ॲल्युमिनियमला धातूचा थकवा येतोच. छोटा जोर पुन्हा पुन्हा पडला तरी कधीतरी तडा जातो. २००६ च्या पॅरिस-रुबे शर्यतीत जॉर्ज हिंकापीच्या सायकलचा स्टीअरर ट्यूब, म्हणजे फोर्कची स्टेममध्ये जाणारी नळी, दगडी रस्त्यावर मोडली आणि हँडलच त्याच्या हातात आलं. खांद्याला दुखापत झाली. ती नळी ॲल्युमिनियमची होती, आणि त्या आधी त्याच शर्यतीत तो एकदा पडला होता. उलट मार्च २०२१ मध्ये ल सामँ शर्यतीत मॅथ्यू व्हॅन डर पोलचं कार्बन हँडल ब्रेक लिव्हर बसतो त्या भागाशी तुटलं. तो न पडता शर्यत पुरी करू शकला हे त्याचं कसब. त्यानंतर सायकलच्या कंपनीने त्या मॉडेलच्या मालकांना सायकल चालवणं थांबवायला सांगितलं होतं. दोन्ही उदाहरणं रोड सायकलची आहेत, पण धडा आपल्यालाही लागू आहे. धातू असो की कार्बन, मार खाल्लेल्या आणि क्लॅम्प बसतो त्या जागा आधी तपासायच्या.

चांगल्या कंपनीचं हँडल बाजारात येण्याआधी आयएसओ ४२१० या मानकाच्या चाचण्यांतून जातं. त्याचा पाचवा भाग फक्त हँडल, स्टेम वगैरे स्टीअरिंगच्या भागांचा आहे. त्यातल्या थकव्याच्या चाचणीत हँडलच्या दोन्ही टोकांना आधी उलटसुलट आणि मग एकाच दिशेने, असे प्रत्येकी १ लाख वेळा जोर देतात. नीट बनवलेलं कार्बन हँडल या चाचणीत घाबरत नाही. थकव्याच्या बाबतीत ते ॲल्युमिनियमपेक्षा सरसच असतं. पण चाचणीच्या मशीनवर हँडल बसवतात ते दिलेल्या टॉर्कने, म्हणजे बोल्ट मोजून ठरलेल्या जोराने आवळून, स्वच्छ क्लॅम्पमध्ये. आपल्याकडे ते बसतं हाताच्या अंदाजाने. फरक तिथे पडतो.

घेण्याआधी

सगळ्यात पहिलं माप क्लॅम्पचं. सध्याच्या माउंटन बाइकला ३१.८ मिमी किंवा ३५ मिमी. जुन्या सायकलींना २५.४ मिमी. तुमच्या स्टेमवर लिहिलेलं असतं, नसेल तर व्हर्नियर कॅलिपरने मोजा. ३५ च्या स्टेममध्ये ३१.८ चं हँडल पत्र्याची शिम, म्हणजे फट भरायची पट्टी, घालून बसवणारे मी पाहिले आहेत. ॲल्युमिनियमला कुणी चालवून घेत असेल, कार्बनला हे करू नका. नवीन स्टेम हँडलच्या मानाने स्वस्त पडतो.

३१.८ की ३५, असं मला रोज विचारतात. माझं मत ३१.८. हँडलला थोडी लवचीकता हवी, आणि कार्बन घ्यायचं खरं कारण तेच आहे. वजनातला फरक साधारण १०० ग्रॅमचा असतो. ॲल्युमिनियमचं रुंद हँडल ३०० ते ३५० ग्रॅम, कार्बनचं २०० ते २५०. टेकडीवरच्या दोन तासांत १०० ग्रॅम कुणालाही जाणवत नाहीत. दगडांवरून उतरताना हाताला येणारी झिणझिण कमी झालेली मात्र जाणवते. पैसे मोजूनमापून खर्च करायचे असतील तर आधी चांगले टायर घ्या, मग ब्रेकचे पॅड, मग हँडलचा विचार करा.

दुसरं म्हणजे हँडल कुठल्या वापरासाठी बनवलंय ते वाचा. क्रॉस-कंट्रीसाठीचं हलकं हँडल घेऊन कुणी उड्या मारायला जात असेल, तर टॉर्क कितीही अचूक ठेवला तरी उपयोग नाही.

आणि नकली माल. ऑनलाइन एखादं नामांकित कंपनीचं हँडल निम्म्याहूनही कमी किमतीत दिसलं तर समजून जा. खऱ्या हँडलवर मधोमध रेघा असतात, क्लॅम्पचा जास्तीत जास्त टॉर्क छापलेला असतो, टोकांना कापायच्या खुणा असतात, सीरियल किंवा बॅचचा नंबर असतो, सोबत कागद येतो. नकलीवर लोगो ठळक आणि बाकी सगळं गायब. टोकातून आत टॉर्च मारून बघा. आतली भिंत सुरकुतलेली, इपॉक्सीचे गोळे साठलेले, थर उठलेले दिसले तर परत पाठवा. सेकंडहँड कार्बन हँडल मी कुणालाच घेऊ देत नाही, मित्राचं असलं तरी. ते किती वेळा आपटलंय हे मित्रालाही आठवत नसतं.

हत्यारं

४ आणि ५ मिमीच्या अ‍ॅलन चाव्या, लॉक-ऑन (बोल्टच्या कड्याने आवळायच्या) ग्रिपसाठी बहुधा ३ मिमी किंवा २.५ मिमी, स्रॅम कंपनीचे भाग असतील तर टी२५ टॉर्क्स चावी. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं. कार्बन पेस्टची एक छोटी ट्यूब. आणि टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते सांगणारा पाना.

टॉर्क रेंच हवाच. मोटारीच्या गॅरेजमधला, १० पासून पुढे मोजणारा नको. तो ५ न्यूटन-मीटरला काही सांगतच नाही. २ पासून मोजणारा छोटा घ्या, किंवा ४-५-६ वर आपोआप सुटणारा टी-हँडलचा मिळतो तो. क्लिकवाला असेल तर काम झाल्यावर स्प्रिंग सैल करून, म्हणजे सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवा. आणि क्लिक एकदा ऐकला की थांबा. खात्रीसाठी पुन्हा पुन्हा टकटक करणारे दर टकीला बोल्ट थोडा पुढे नेत असतात.

हाताच्या अंदाजावर भरवसा का नाही, याचा हिशेब सोपा आहे. साध्या अ‍ॅलन चावीचा लांब दांडा टोकाजवळ धरला तर हात बोल्टपासून साधारण ७ सेंटिमीटरवर येतो. तिथे १० किलोचा जोर दिला की झाले ७ न्यूटन-मीटर. १० किलो म्हणजे काहीच नाही, मनगटाने सहज निघतो. आणि बहुतेक फेसप्लेटची मर्यादा ५ किंवा ६ असते. म्हणजे अजिबात ताकद न लावल्याची भावना असतानाच तुम्ही मर्यादा ओलांडलेली असते.

रेंच यायला वेळ असेल आणि सायकल आजच हवी असेल, तर प्रवासी बॅगा मोजायचा लटकता काटा वापरता येतो. लांब दांड्याची चावी घ्या, आखूड बाजू बोल्टमध्ये घाला, बोल्टच्या मध्यापासून बरोबर १० सेंटिमीटरवर दांड्यावर टेपची खूण करा. तिथे काटा अडकवून दांड्याला काटकोनात ओढा. काट्यावर ५ किलो दिसले की साधारण ५ न्यूटन-मीटर झाले, ४ किलोला ४. ही तात्पुरती सोय आहे. अंदाजापेक्षा कैक पटीने बरी, रेंचपेक्षा कमी.

स्टेम आधी, हँडल नंतर

बहुतेक लोक नवं हँडल पिशवीतून काढतात आणि थेट जुन्या स्टेममध्ये ठेवतात. थांबा. माझ्या कामातला सगळ्यात जास्त वेळ इथे जातो.

फेसप्लेटचे चारही बोल्ट काढा, स्टेम आणि फेसप्लेट अल्कोहोलने पुसा. आता स्टेमच्या आतल्या गोलाव्यावर करंगळी फिरवा, खास करून दोन्ही बाजूच्या कडांवर आणि वजन कमी करायला मधे भोक ठेवलेलं असेल तर त्या भोकाच्या कडांवर. मग कापसाचा बोळा फिरवा. जिथे कापसाचे तंतू अडकतात तिथे धार आहे. ॲल्युमिनियमच्या हँडलला ही धार चालून गेली असेल, कारण धातूने तिला दाबून टाकलं. कार्बनच्या धाग्यांत ती घुसते. ६०० नंबरचा पॉलिश पेपर बोटावर गुंडाळून फक्त कड मोडेल एवढंच घासा. गोलावा घासू नका, त्याचं माप बिघडलं तर दाब सगळीकडे सारखा पडणार नाही. खरवडलेला, वाकलेला, खड्डा पडलेला स्टेम असेल तर त्यावर कष्ट घेऊच नका, बदला. स्टेम कार्बन हँडलला चालतो का हेही त्याच्या कागदावर बघा. दोन बोल्टचे काही जुने स्टेम चालत नाहीत.

बोल्टचे आटे बघा. स्वच्छ असावेत, हाताने फिरवल्यावर सहज आत जावेत. आट्यांवर किंचित ग्रीस चालतं, कंपनीने निळं लॉकिंग द्रव आधीच लावलेलं असेल तर नाही. गंजलेल्या बोल्टवर रेंच खोटं बोलतो. त्याने दाखवलेल्या ५ पैकी बराचसा जोर गंजाशी भांडण्यात जातो आणि हँडलला पकड पुरेशी मिळत नाही.

हँडलवर ग्रीस कधीच नाही. ग्रीस लावलं की हँडल फिरतं, फिरतं म्हणून आवळतात, आवळलं की चिरतं. कार्बन पेस्ट वेगळी. तिच्यात बारीक कण असतात, त्यांनी पकड वाढते आणि कमी टॉर्कमध्ये काम भागतं. पण काही कंपन्या त्यांच्या हँडलला पेस्ट लावू नका असं स्पष्ट सांगतात, तेव्हा आधी कागद वाचा. लावायची असेल तर क्लॅम्पच्या भागात बोटाने पातळ थर, दाणे जेमतेम जाणवतील इतकाच.

आता टॉर्कचा आकडा कुठला धरायचा? हँडलवर एक छापलेला असतो, स्टेमवर दुसरा. दोन्हींतला कमी असेल तो. हँडल ५ म्हणतंय आणि स्टेम ६, तर ५.

हँडल मधोमध आणा. छापलेल्या रेघा स्टेमच्या दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर दिसल्या पाहिजेत. कोन ठरवताना बाजूने उभं राहून बघा. हँडलची वर उठणारी बाजू फोर्कला साधारण समांतर ठेवून सुरुवात करा, बारीक फरक नंतर. फेसप्लेट लावून चारही बोल्ट आधी बोटांनीच घ्या, हँडल हलणार नाही पण हाताने फिरवता येईल इतके.

मग फटीकडे लक्ष द्या. साधारण स्टेममध्ये फेसप्लेट आणि स्टेम यांच्यामधली वरची फट आणि खालची फट सारखी हवी. चारी बोल्ट फुलीच्या क्रमाने, वर डावा, खाली उजवा, वर उजवा, खाली डावा, दर वेळी पाव फेरा. आधी २ न्यूटन-मीटरवर सगळे, मग ४ वर सगळे, मग शेवटच्या आकड्यावर. मधे मधे फट बघत राहा. जुनं कार्ड दोन्ही फटींत सरकवून बघितलं तर डोळ्यांपेक्षा नीट कळतं. काही स्टेमची बनावट वेगळी असते. त्यांत वरचे दोन बोल्ट आधी पूर्ण आवळून वरची फट बंद करायची आणि मग खालचे घ्यायचे. अशा स्टेमला फुलीचा क्रम लावला तर चूक, आणि साध्या स्टेमला हा क्रम लावला तर हँडल एका कडेवर दाबलं जातं. फेसप्लेटवर बहुधा बाणाने किंवा अक्षरांनी लिहिलेलं असतं. दिसलं नाही तर कंपनीच्या साइटवरून कागद उतरवून घ्या.

स्टेम फोर्कवरून काढलेला असेल तर परत बसवताना आधी वरच्या टोपीच्या बोल्टने हेडसेटचा (फोर्क ज्यावर फिरतो त्या बेअरिंगचा) खेळ काढा, चाक हँडलच्या काटकोनात आणा, आणि मगच बाजूचे दोन बोल्ट आळीपाळीने आवळा.

कापायचं असेल तर

८०० मिमीचं हँडल आपल्या टेकडीवरच्या झाडोऱ्यात अनेकांना जड जातं. खांदे रुंद नसतील तर ७६०, ७४० सुद्धा पुरतं. पण घाई करू नका. ग्रिपची टोकं उघडी असतील तर लिव्हर आणि ग्रिप दोन्हीकडून सारख्या आत सरकवा, हँडलच्या टोकांत बूच घालून ठेवा, आणि काही दिवस तशीच चालवा. पटलं की कापा. कापलेलं परत येत नाही.

टोकाला छापलेल्या खुणांच्या आत जायचं नाही. त्या पलीकडे भिंत पातळ असू शकते. पाइप कटर वापरू नका, तो कापता कापता दाबतो आणि धागे चिरडतो. इंचाला ३२ दात असलेलं हॅक्सॉ ब्लेड किंवा कार्बनसाठी मिळणारं खरखरीत कण बसवलेलं ब्लेड घ्या. कापायच्या जागेवर चिकटपट्टीचे दोन वेढे द्या, खूण पट्टीवर करा, पट्टीवरूनच कापा. त्याने धागे फुटत नाहीत. करवतीची मार्गदर्शक पेटी असेल तर उत्तम. हँडल लोखंडी व्हाइसमध्ये सरळ धरू नका, रबरात किंवा लाकडाच्या खाचेत धरा.

एक हात पाण्याच्या बाटलीवर ठेवा आणि कापताना थेंब थेंब सोडत राहा. काळा चिखल होतो, पण धूळ उडत नाही. ती धूळ फुप्फुसांत जाऊ द्यायची नाही, म्हणून एन-९५ मास्क घाला, हातमोजे घाला, पंखा बंद ठेवा, आणि लहान मुलांना त्या खोलीतून बाहेर पाठवा. जोर न देता लांब लांब हात मारा. तीन-चतुर्थांश झालं की हँडल फिरवा आणि दुसऱ्या बाजूने या, म्हणजे शेवटचा तुकडा ओढला जाऊन धागे सोलले जात नाहीत. ४०० नंबरचा ओला पॉलिश पेपर बाहेरून आत फिरवा. कड सुकली की पातळ सुपरग्लू किंवा पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात द्या, पाणी आत झिरपत नाही. चिखल ओल्या कागदाने टिपून पिशवीत बांधा, बेसिनमध्ये सोडू नका.

लिव्हर, शिफ्टर, ग्रिप

स्टेमची काळजी घेणारे लोकही इथे हात मोकळा सोडतात, आणि हँडल तुटतं ते पुष्कळदा इथेच. लिव्हरचं कडं अरुंद, एकाच बोल्टचं, त्यामुळे सगळा दाब एका पट्टीत येतो.

उघडणारं कडं असेल तर पूर्ण उघडून जागेवर ठेवा. बंद कडं टोकातून सरकवताना बोल्ट भरपूर सैल करा. पिळत पिळत सरकवलं की हँडलवर मळसूत्री ओरखडा उमटतो. लिव्हर हव्या त्या कोनात आणा आणि बोल्ट इतकाच आवळा की ब्रेक दाबताना लिव्हर हलणार नाही, पण तळहाताने वरून जोरात ढकललं तर फिरेल. पडताना लिव्हर जमिनीवर आपटला तर तो फिरायला हवा. घट्ट बसलेला लिव्हर तो सगळा धक्का हँडलमध्ये उतरवतो, किंवा स्वतः मोडतो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून सायकल देताना मी गिऱ्हाइकाला स्वतःच्या हाताने लिव्हर ढकलून बघायला लावते. भागावर छापलेला आकडा हा कमाल आकडा आहे. तिथपर्यंत पोचायची सक्ती नाही.

लॉक-ऑन ग्रिपची कडी कार्बनला चालतात, टॉर्क बेताचा, साधारण २ ते ३, पण ग्रिपवरचा आकडा बघा. एकच आतलं कडं असलेल्या ग्रिप मला जास्त आवडतात, कापलेल्या टोकावर दाब येत नाही. साध्या रबरी ग्रिप बसवायला अल्कोहोल वापरा, तो उडून जातो. थिनर, पेट्रोल, केरोसीन हँडलच्या जवळही नको. थिनर वरचा लाखेचा थर आणि आतलं रेझिन दोन्ही खराब करू शकतो, केरोसीनचा तेलकटपणा मागे राहतो. टोकांना बुचं हवीतच. उघडी नळी पोटात घुसली तर काय होतं हे हॉस्पिटलात बघायची वेळ येऊ नये. बार-एंड, म्हणजे हँडलच्या टोकांना लावायची शिंगं, बसवायचे असतील तर कंपनीची परवानगी आहे का बघा, पुष्कळ हँडलना नसते. मोबाइलचा स्टँड, घंटी, दिवा यांच्या पत्र्याच्या पट्ट्यांखाली रबर हवं.

सगळं झाल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून ब्रेकच्या नळ्या ताणत नाहीत ना बघा. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळा. दोन्ही टोकांवर उभ्याने वजन टाका. फिरलं किंवा कचकचलं, तर जास्त आवळायचं नाही. खोला, पुसा, माप तपासा, पेस्ट बघा, पुन्हा बसवा. दिलेल्या टॉर्कवर जे हँडल थांबत नाही, तिथे दुसरं काहीतरी चुकलेलं असतं. पहिल्या राइडनंतर एकदा रेंच लावून बघा.

पावसाळा

जूनपासून सप्टेंबरपर्यंत टेकडीवरची माती क्लॅम्पच्या फटीत जाते. आपला दगड बेसॉल्ट, त्याचा चुरा बारीक आणि कडक. हँडल जरासं हललं की तो चुरा दोन्ही बाजूंनी घासतो. कचकच येते ती बहुतेक त्याचीच. पावसाळा संपला की फेसप्लेट एकदा काढून सगळं पुसून परत बसवा. कोकणात, समुद्राकाठी राहत असाल तर वर्षातून दोन-तीनदा. खारी हवा आणि घाम मधे असला की कार्बनच्या संगतीत ॲल्युमिनियम गंजतं, स्टेमच्या आत पांढरी पूड दिसते. पूड दिसली तर स्टेम नीट साफ करून बघा, खड्डे पडलेले असतील तर बदला. प्रेशर पंपाने क्लॅम्पवर पाणी मारू नका.

घाटात सायकल बसच्या टपावर किंवा गाडीत आडवी टाकून नेता, तेव्हा दुसऱ्या सायकलचं पेडल हँडलवर टेकलेलं नाही ना बघा. हँडलवरून सुतळी आवळून सायकल बांधू देऊ नका. फ्रेमवरून बांधायला सांगा, आणि हँडलभोवती जुना टॉवेल गुंडाळा.

पडल्यावर

सायकल उभ्याउभ्या कलंडली तर एवढं काही नाही, नजर टाका आणि चला. वेगात पडलात, हँडलचं टोक दगडावर आपटलं, लिव्हर वाकला, स्टेम चाकाच्या सरळ रेषेतून फिरला, तर त्या दिवशी उतार संपला असं समजा आणि सावकाश, शक्य तर चालत, खाली या.

घरी आल्यावर ग्रिप, लिव्हर, फेसप्लेट सगळं काढा. वरवर बघण्याला अर्थ नाही, नुकसान लपतं ते कड्यांच्या खालीच. साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, वाळवा. अंधाऱ्या खोलीत टॉर्च बाजूने, जवळजवळ समांतर धरा. सावलीत खळगे आणि उठलेले पोपडे दिसतात. कापसाचा बोळा फिरवा. धागा तुटला असेल तर अडकतो. नख फिरवा. मग पाच रुपयाच्या नाण्याने टोकापासून मधल्या भागापर्यंत हलके हलके वाजवत जा. टणक टक-टक येत असताना एका जागी आवाज बसका आला, आणि दुसऱ्या बाजूच्या त्याच जागी तसा नसेल, तर थर सुटल्याची शंका घ्या. नाण्याची परीक्षा सगळं पकडत नाही. बसका आवाज आला तर हँडल बाद. नाही आला म्हणून ते पास झालं असं नव्हे.

लाखेवरचा उथळ ओरखडा, ज्यात नख अडकत नाही, तो चालतो. नख अडकलं आणि ती जागा स्टेमच्या क्लॅम्पखाली, त्याच्या कडेला किंवा लिव्हरच्या कड्याखाली असेल तर मी चर्चा करत नाही, हँडल बदलते. आणि आपटणं खरोखर जबर असेल, तर काही न दिसताही बदलते. गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, दिसतंय तर चांगलं." चांगलं दिसतं हे खरंच. पण पुढच्या उतारावर ते सुटलं तर दोन्ही हात एकदम रिकामे होतात आणि तोंड आधी खाली जातं. फ्रेमचा तडा इपॉक्सीने दुरुस्त करणारे लोक आहेत, त्यांचं काम मी मानते. हँडलची दुरुस्ती मात्र मी करत नाही आणि कुणाला करू देत नाही. काही कंपन्या पडल्यानंतरच्या बदलीला सवलत देतात. बिल जपून ठेवा आणि विचारा.

बाद झालेलं हँडल तसंच भंगारात देऊ नका. ते कुणीतरी उचलतं, पुसतं आणि दुसऱ्याच्या सायकलवर बसवतं. वर सांगितल्याप्रमाणे पाणी सोडत, मास्क घालून, क्लॅम्पच्या मधोमध दोन तुकडे करा, टोकांना टेप गुंडाळा आणि मग सुक्या कचऱ्यात टाका.